इंगेमार स्टेनमार्कची कारकीर्द: पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी पुण्यातल्या ट्रेकर मंडळींना औलीच्या स्कीइंग कोर्सची माहिती देते. बोलता बोलता गाडी हमखास इंगेमार स्टेनमार्कवर येते आणि मग प्रश्न सुरू होतात. कधी पहाटे वेताळ टेकडीवर, कधी सिंहगडावर पिठलं-भाकरी खाताना, कधी रात्री अकराला व्हॉट्सॲपवर. बहुतेक वेळा तेच प्रश्न असतात, म्हणून एकदा नीट बसून सगळी उत्तरं लिहून काढली आहेत.

हा स्टेनमार्क कोण?

स्वीडनचा अल्पाइन स्की रेसर, म्हणजे बर्फाच्या उतारावरून वेळ लावून खाली येण्याच्या शर्यतींचा खेळाडू. जन्म 18 मार्च 1956. डिसेंबर 1974 ते फेब्रुवारी 1989 या काळात त्याने वर्ल्ड कपच्या 86 शर्यती जिंकल्या. त्यातल्या 46 जायंट स्लॅलमच्या आणि 40 स्लॅलमच्या (हे प्रकार पुढे समजावते). 1976, 1977 आणि 1978 अशी सलग तीन वर्षं तो वर्ल्ड कपचा एकूण विजेता होता, आणि 1980 साली लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याने दोन सुवर्णपदकं मिळवली.

इथे एक खुलासा करते, कारण घोळ नेहमी इथेच होतो. स्कीइंगचा वर्ल्ड कप क्रिकेटसारखा चार वर्षांतून एकदा होत नाही. तो दर हिवाळ्यात होतो. आज ऑस्ट्रिया, पुढच्या आठवड्यात इटली, मग स्वित्झर्लंड, अशा शर्यती मार्चपर्यंत चालतात. प्रत्येक शर्यतीचे गुण मिळतात आणि हंगामाच्या शेवटी बेरीज होते. त्यामुळे 86 विजय म्हणजे 86 वेगवेगळे दिवस, वेगवेगळे उतार, वेगवेगळा बर्फ. पुरुषांमध्ये त्याच्यानंतर नाव येतं ऑस्ट्रियाच्या मार्सेल हिर्शरचं, 67 विजयांसह.

पुण्यात बर्फाचा कण नाही. तुमची आणि या माणसाची गाठ कुठे पडली?

औलीला. मी चौतिसाव्या वर्षी बेसिक कोर्सला गेले. त्याआधी पंधरा वर्षं सह्याद्रीत भटकत होते, त्यामुळे उताराची भीती नव्हती. अडचण वेगळीच निघाली. तोरण्याच्या किंवा राजगडाच्या वाटेवर घसारा लागला की आपण काय करतो? मागे रेलतो, गुडघे वाकवतो, वेळ पडली तर बसायची तयारी ठेवतो. स्कीवर हीच सवय घात करते. वजन मागे गेलं की स्कीची पुढची टोकं हलकी होतात, स्की वळायला तयार होत नाही आणि वेग वाढत जातो. अंग सांगतं मागे हो, आणि करायचं असतं नेमकं उलटं: नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबायची आणि उताराच्या दिशेने झुकायचं. पहिले तीन दिवस मी सारखी पडत होते.

तिसऱ्या रात्री आमच्या गढवाली प्रशिक्षकांनी मोबाइलवर एक जुनी शर्यत लावली. चित्र धूसर, आवाज फाटलेला. ते म्हणाले, "इसका सिर देखो. पानी का गिलास रख दो, छलकेगा नहीं." मी पाहिलं. पाय डावी-उजवीकडे पळत होते, गुडघे छातीपर्यंत येत होते, आणि डोकं मात्र दोरीवरून ओढल्यासारखं सरळ खाली येत होतं. चौथ्या दिवशी माझं पहिलं धड वळण झालं. तेव्हापासून हा माणूस मनातून गेलेला नाही.

स्लॅलम आणि जायंट स्लॅलम यांत फरक काय?

दोन्हीत उतारावर लाल आणि निळ्या दांड्या रोवून मार्ग आखतात. प्रत्येक गेटमधून, म्हणजे दांड्यांनी आखलेल्या दारातून, दोन्ही पाय जावे लागतात. एक स्की जरी दांडीच्या चुकीच्या बाजूने गेली तरी शर्यत तिथेच संपते. स्लॅलममध्ये गेट अगदी जवळजवळ असतात, पुरुषांच्या शर्यतीत साठेक वळणं साधारण मिनिटाभरात घ्यायची. जायंट स्लॅलममध्ये अंतर मोठं, वेग जास्त, वळणं लांब. डाउनहिल आणि सुपर-जी हे निव्वळ वेगाचे प्रकार, ते एकाच फेरीत संपतात. स्लॅलम आणि जायंट स्लॅलमला मात्र दोन फेऱ्या असतात आणि दोन्ही वेळांची बेरीज करून निकाल लागतो.

तुम्ही सारखं "दुसरी फेरी, दुसरी फेरी" का म्हणता?

कारण माझ्या मते त्याची सगळी कारकीर्द तिथे दिसते.

पहिली फेरी संपली की मार्ग नव्याने आखतात. दांड्यांच्या जागा बदलतात. त्या मार्गावर सराव करायला परवानगी नसते, फक्त कडेकडेने हळूहळू घसरत खाली जाऊन पाहणी करता येते. साठ वळणं तेवढ्या वेळात डोक्यात बसवायची. वर सकाळपासून चाळीस-पन्नास जणांनी स्की घासून बर्फात खड्डे पाडलेले असतात. आणि समोर फलकावर दिसत असतं की आपण तिसरे आहोत, चौथे आहोत, पुढच्याशी अर्ध्या सेकंदाचा फरक आहे. बहुतेक खेळाडू अशा वेळी जोर लावतात. जोर लावला की स्कीची कड बर्फात जास्त रुतते, वळण लांबतं आणि वेळ जातो. स्टेनमार्क पहिल्या फेरीत मागे असला तरी दुसरीत तितक्याच शांतपणे उतरायचा आणि सगळ्यांच्या पुढे जायचा. हे एकदा-दोनदा नाही, वर्षानुवर्षं घडत राहिलं. प्रतिस्पर्ध्यांना त्याची पहिल्या फेरीतली आघाडी जेवढी सलत नसे, तेवढा तो चौथ्या क्रमांकावर उभा असलेला सलत असे.

तो कुठल्या मोठ्या स्की अकादमीतून आला?

कुठल्याच नाही. तो स्वीडनच्या उत्तरेकडच्या लॅपलँडमधला, नॉर्वेच्या सीमेजवळच्या टार्नाबी गावचा. आजही त्या गावाची वस्ती काहीशे माणसांची आहे. आपल्या वेल्हे-भोरकडच्या एखाद्या वाडीएवढं गाव म्हणा. त्याच गावातून, त्याच वर्षी जन्मलेला स्टिग स्ट्रँडही वर्ल्ड कपमध्ये शर्यती जिंकला. पुढे 2006 च्या तोरिनो ऑलिंपिकमध्ये स्लॅलमचं सुवर्ण जिंकणारी आन्या पेर्सनसुद्धा तिथलीच. आल्प्समधल्या देशांची या खेळावर पिढ्यान्‌पिढ्या मक्तेदारी होती. स्टेनमार्कच्या आधी स्कँडिनेव्हियातल्या कुणीही वर्ल्ड कपचं एकूण विजेतेपद मिळवलेलं नव्हतं.

त्याच्या कारकिर्दीची सुरुवात कशी झाली?

पहिला विजय 17 डिसेंबर 1974 रोजी, इटलीतल्या मादोन्ना दि काम्पिल्योला, स्लॅलममध्ये. वय अठरा. त्याच हंगामाचा शेवट मात्र फार चटका लावणारा झाला. मार्च 1975 मध्ये व्हाल गार्देनाला अखेरची शर्यत उरली होती, आणि इटलीचा गुस्ताव थोनी, ऑस्ट्रियाचा फ्रान्झ क्लामर आणि स्टेनमार्क या तिघांचेही बरोबर 240 गुण झाले होते. शर्यत होती पॅरलल स्लॅलम, म्हणजे दोन खेळाडू शेजारी-शेजारी उतरणार. क्लामर आधीच बाहेर पडला. अंतिम लढत थोनी आणि स्टेनमार्क यांच्यात, थोनीच्याच देशात, त्याच्याच प्रेक्षकांसमोर. स्टेनमार्कचा तोल गेला आणि विजेतेपद थोनीला मिळालं. स्टेनमार्कला एकोणीस पूर्ण होऊन पाचच दिवस झाले होते. पुढची तीन वर्षं ते विजेतेपद त्याने कोणाला मिळू दिलं नाही.

एका हंगामात 13 शर्यती जिंकूनही तो पाचवा आला, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि हे सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं.

हंगाम 1978-79. त्याने 13 शर्यती जिंकल्या. त्या हंगामातल्या दहाच्या दहा जायंट स्लॅलम त्याच्या नावावर आहेत. पण नियम असा होता की प्रत्येक प्रकारातले फक्त तीन सर्वोत्तम निकाल धरायचे. विजयाला 25 गुण. म्हणजे स्लॅलमचे जास्तीत जास्त 75 आणि जायंट स्लॅलमचे 75, एकूण 150. स्टेनमार्कने पूर्ण 150 मिळवले. दोन प्रकारांतून त्यापेक्षा एकही गुण जास्त मिळणं शक्यच नव्हतं. डाउनहिल आणि कम्बाइंडमध्येही (डाउनहिल व स्लॅलम मिळून होणारा प्रकार) उतरणारे त्याच्या पुढे गेले आणि स्वित्झर्लंडचा पीटर ल्युशर विजेता ठरला.

चारही प्रकार खेळणाऱ्याला महत्त्व मिळावं हा विचार चुकीचा नाही. पण दहा पेपरांत दहा वेळा पहिला आलेल्या मुलाचे तीनच पेपर तपासायचे, हे मला आजही पटत नाही.

सगळ्यात मोठ्या फरकाने जिंकलेली शर्यत कोणती?

फेब्रुवारी 1979, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातलं यास्ना. जायंट स्लॅलम. दुसरा आला युगोस्लाव्हियाचा बोयान क्रिझाय, आणि दोघांत अंतर होतं 4.06 सेकंदांचं. ज्या खेळात निकाल शतांश सेकंदावर लागतो, तिथे चार सेकंद! स्टेनमार्क फिनिशला पोचला तेव्हा त्या वेळेच्या हिशेबाने क्रिझायला अजून काही गेट पार करायचे होते.

1979 चा अपघात आणि लेक प्लॅसिड, हे जरा सविस्तर सांगाल का?

सांगते. हा प्रश्न कोणी विचारला की मला बरं वाटतं.

सगळे म्हणत होते की एकूण विजेतेपद परत हवं असेल तर डाउनहिल शिकायला हवं. म्हणून सप्टेंबर 1979 मध्ये तो इटलीतल्या श्नाल्सटालच्या हिमनदीवर डाउनहिलचा सराव करत होता. तिथे तो भयंकर वेगाने पडला, डोक्याला मार लागला, बेशुद्ध झाला. ऑलिंपिकला पाच महिने उरले होते.

फेब्रुवारी 1980 मध्ये तो अमेरिकेत लेक प्लॅसिडला उभा होता. आधी जायंट स्लॅलम. पहिल्या फेरीनंतर तिसरा. लिश्टेनश्टाइनचा आंद्रेआस वेंझेल पुढे. दुसऱ्या फेरीनंतर स्टेनमार्क पहिला, वेंझेल दुसरा.

तीन दिवसांनी, 22 फेब्रुवारीला, स्लॅलम. या वेळी पहिल्या फेरीनंतर तो चौथा होता. आघाडीवर होता अमेरिकेचा फिल मेर. याच डोंगरावर वर्षभरापूर्वी मेरचा घोटा मोडला होता आणि आत धातूची पट्टी व स्क्रू बसवलेले होते. त्या पायावर तो शर्यत खेळत होता, घरच्या प्रेक्षकांसमोर. मला त्या दिवशी हरलेला मेरही तेवढाच आवडतो. दुसरी फेरी झाली आणि स्टेनमार्क अर्ध्या सेकंदाने जिंकला. चार दिवसांत दोन सुवर्ण, आणि दोन्ही वेळा मागून येऊन.

स्वीडनमध्ये त्याच्या शर्यतीच्या वेळी शाळांमध्ये टीव्ही लावून मुलांना बसवत असत. सचिन नव्वदीत असताना लक्ष्मी रोडवर टीव्हीच्या दुकानांसमोर उभी राहणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग डाउनहिल तो कधी खेळलाच नाही का?

वर्ल्ड कपमध्ये एकदा. जानेवारी 1981, ऑस्ट्रियातलं किट्झब्युएल, जगातला सगळ्यात धोकादायक समजला जाणारा उतार. तो 34 वा आला. जिंकायचं नव्हतंच. डाउनहिल आणि स्लॅलम मिळून जे कम्बाइंड होतं, त्याचे गुण हवे होते, आणि त्यात तो तिसरा आला. डोक्याला मार लागल्यावर सोळा महिन्यांनी तो तिथे उतरला, हे लक्षात घ्या. त्या हंगामाअखेर फिल मेरचे 266 गुण झाले आणि स्टेनमार्कचे 260.

1984 च्या ऑलिंपिकमध्ये तो का नव्हता? दुखापत?

दुखापत नव्हती, परवाना आड आला. त्या काळी ऑलिंपिक फक्त हौशी खेळाडूंसाठी असे. जाहिरातीचे पैसे देशाच्या संघटनेमार्फत घेतले तर चालत. स्टेनमार्ककडे बी-लायसन्स होतं, म्हणजे तो पैसे थेट घेत होता. म्हणून सारायेवोचं दार बंद. लिश्टेनश्टाइनच्या हानी वेंझेललाही हाच नियम लागला. तिनेही लेक प्लॅसिडला स्लॅलम आणि जायंट स्लॅलम अशी दोन सुवर्णं जिंकली होती, आणि वर सांगितलेला आंद्रेआस तिचा भाऊ. म्हणजे 1980 ला पुरुष आणि महिलांमध्ये ही चारही सुवर्णं ज्या दोघांनी नेली, ते दोघंही 1984 ला घरी. सारायेवोत स्लॅलमचं सुवर्ण फिल मेरला मिळालं.

पैसे सगळेच घेत होते, रस्ता फक्त वेगळा होता. स्टेनमार्कने तो लपवला नाही. 1988 ला कॅलगरीत तो परत आला, स्लॅलममध्ये पाचवा. तेव्हा वय जवळपास बत्तीस, आणि जिंकला एकवीस वर्षांचा आल्बेर्तो तोम्बा.

तेव्हाच्या आणि आताच्या स्कीइंगमध्ये किती फरक पडला?

खूप. त्याच्या सुरुवातीच्या काळात गेटच्या दांड्या ताठ असत, बांबूच्या. धडक बसली की लागायचंच, त्यामुळे अख्खं शरीर दांडीच्या बाहेरून न्यावं लागे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बुडाशी वाकणाऱ्या दांड्या आल्या. आता खेळाडू नडगीने आणि मुठीने दांडी आडवी पाडत सरळ आतून जातात. तंत्रच बदललं. अनेक जुने खेळाडू तिथे मागे पडले, स्टेनमार्कने मात्र नव्या दांड्यांवरही जिंकणं चालू ठेवलं.

स्लॅलमच्या स्की तेव्हा दोन मीटरहून लांब असत, आज पुरुषांच्या साधारण 165 सेंटिमीटरच्या असतात आणि मधे निमुळत्या, त्यामुळे त्या आपसूक वळतात. स्टेनमार्कला प्रत्येक वळण स्वतः घडवावं लागे. त्याच्या स्की कायम एलान कंपनीच्या, युगोस्लाव्हियातल्या म्हणजे आताच्या स्लोव्हेनियातल्या बेगुन्ये गावात बनलेल्या. मोठमोठ्या ऑस्ट्रियन कंपन्या असताना त्याने शेवटपर्यंत ब्रँड बदलला नाही.

त्याच्या मुलाखती का सापडत नाहीत?

सापडतात, पण फार छोट्या. तो अतिशय कमी बोलणारा माणूस. पत्रकार वैतागायचे. मला त्यात गर्व दिसत नाही, लांबच्या छोट्या गावातला लाजरा मुलगा दिसतो. 2015 साली मात्र त्याने स्वीडनच्या टीव्हीवरची नृत्यस्पर्धा जिंकली, हेही सांगून ठेवते.

86 चा विक्रम मोडला ना?

हो. अमेरिकेच्या मिकेला शिफ्रिनने 10 मार्च 2023 ला बरोबरी केली आणि दुसऱ्याच दिवशी 87 वा विजय मिळवला. जागा कोणती? ओरे, स्वीडन. तिचा पहिला वर्ल्ड कप विजयही 2012 मध्ये ओरेलाच झाला होता, सतराव्या वर्षी. फेब्रुवारी 2025 मध्ये इटलीतल्या सेस्त्रिएरेला तिने शंभर पूर्ण केले. त्याआधी तीन महिने अमेरिकेतल्या किलिंग्टनच्या शर्यतीत पडून तिच्या पोटाला खोल जखम झाली होती.

ती आपल्यापेक्षा खूप सरस आहे, असं स्टेनमार्कने विक्रम मोडायच्या आधीच जाहीरपणे सांगितलं होतं. ती स्लॅलम, जायंट स्लॅलम, सुपर-जी आणि डाउनहिल अशा चारही प्रकारांत जिंकली आहे, तो दोनच प्रकारांत जिंकला. दोघांची तुलना करा असा आग्रह मला कोणी करू नये. मला दोघंही हवेत.

भारतातून कोणी या पातळीवर गेलं आहे का?

1964 मध्ये इन्सब्रुकला जेरेमी बुजाकोव्स्की भारतातर्फे उतरला. हिवाळी ऑलिंपिकमधला तो पहिला भारतीय, आणि खेळ अल्पाइन स्कीइंगच. जानेवारी 2018 मध्ये मनालीच्या आंचल ठाकूरने तुर्कस्तानात स्लॅलमचं कांस्य मिळवलं. 2022 ला बीजिंगमध्ये गुलमर्गचा आरिफ खान भारताचा एकुलता एक खेळाडू होता, जायंट स्लॅलममध्ये 45 वा. आपल्याकडे 45 वा म्हटलं की लोक मान फिरवतात. त्या दिवशी बर्फ पडत होता, समोरचं धड दिसत नव्हतं, कित्येक जण शर्यत पूर्ण करू शकले नाहीत. आरिफने दोन्ही फेऱ्या पूर्ण केल्या.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे, पुण्यातच राहतो. काय करता येईल?

इनलाइन स्केटिंग. चाकांच्या कडेवर वजन टाकून वळायची सवय तिथे लागते. जोडीला टेकडी चढणं-उतरणं, आणि जमल्यास जिम्नॅस्टिक्स. मग एखाद्या जानेवारी-फेब्रुवारीत दोन आठवडे बर्फावर न्या. गुलमर्गला जायचं तर आधी जम्मू गाठायचं. औलीला जायचं तर हरिद्वार, ऋषिकेश, जोशीमठ असा रस्ता. बर्फ किती पडलाय हे निघायच्या आठवड्यात विचारून घ्या, औलीला त्याची शाश्वती नसते.

भाड्याच्या साहित्याने चालेल का?

चालेल, पण बुटांत तडजोड करू नका. दुसऱ्या वर्षी एका ठिकाणी माझ्या मापाचे बूट संपले होते. दोन नंबर मोठे दिले, आत जाड मोज्यांचे दोन जोड घालायला सांगितले, आणि मी ऐकलं. बुटात पाय हलतो तेव्हा तुम्ही वळता आणि स्की नंतर वळते. मधे सापडतो तो गुडघा. परतल्यावर चार महिने फिजिओथेरपी केली. टाच जागेवर घट्ट हवी, बोटं हलली पाहिजेत. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारा भाग, तुमच्या वजनाप्रमाणे लावलंय का हे विचारा, ते वेळेवर सुटलं तरच पाय वाचतो.

त्याची एकच शर्यत बघायची तर कोणती?

लेक प्लॅसिड, स्लॅलम, दुसरी फेरी. जेमतेम मिनिटाची आहे. डोक्यावर हेल्मेट नाही, साधी विणलेली टोपी आहे. पहिल्यांदा आवाज बंद करून फक्त गुडघे बघा. दुसऱ्यांदा हात बघा, एकदाही कमरेच्या मागे जात नाहीत. मग तिसऱ्यांदा लावा आणि आमच्या प्रशिक्षकांनी सांगितलं तसं फक्त डोकं बघा.